मालगाडीचा रिषभ

‘गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढत जातो, असं पुस्तकात दिलंय. मी फाटकाशी उभी राहून कितीदा ऐकलं. आवाज मोठा होतो, पण सूर काही चढत नाही. माझं कुठे चुकतंय?’ असं नगरच्या एका शाळकरी वाचक मुलीने विचारलं आहे.

नाही गं, तुझं कुठेच चुकत नाही. तुझा कान पुस्तकातल्या त्या वाक्यापेक्षा खरा आहे.

गाडी ठरावीक वेगाने समोरून येत असते, तेव्हा पुढच्या ध्वनिलहरी दाटतात आणि मूळ सुरापेक्षा वरचा सूर कानावर पडतो. पण लहरी किती दाटणार हे गाडीच्या वेगावर ठरतं, अंतरावर नाही. म्हणून सूर वर असतो आणि तिथेच टिकून राहतो. इंजिन अगदी जवळ आलं, की ते नेमकं आपल्या दिशेने येत नसतं, आपल्या बाजूने निघालेलं असतं. सूर उतरू लागतो तो तिथे, आणि गाडी पुढे गेल्यावर खाली स्थिरावतो. अथपासून इतिपर्यंत तो फक्त उतरतो. चढते ती आवाजाची पातळी, आणि या दोन्हींची गल्लत भल्याभल्यांची होते. फलाटावरून ऐकलं तर सूर एकदम खाली कोसळतो. तोच दूरच्या शेतातून ऐका, सुरेख मींड घेत उतरतो.

नगरच्या स्टेशनात झेलम किंवा गोवा एक्सप्रेसच्या शिट्टीवर हे कळायचं नाही. त्या इथे थांबतात, त्यामुळे येता-जाता वेग कमीच. १८७८ पासूनच्या या दौंड–मनमाड मार्गावर न थांबता निघून जाणारी मालगाडी गाठावी. किंवा फाटकाच्या अलीकडे ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी असते, तिथून चालक भोंगा वाजवत येतो, तो ऐकावा. रुळांपासून लांब राहूनच, अर्थात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरून गणित मांडलं, तर गाडीचा वेग चक्क सरगमेत सांगता येतो. गेल्यानंतरच्या सुराला षड्ज माना. येतानाचा सूर कोमल रिषभ लागला, तर गाडी ताशी सुमारे ४० किलोमीटरने गेली. शुद्ध रिषभ असेल तर ७३, कोमल गांधार असेल तर ११३. शुद्ध गांधारासाठी ताशी १३८ हवेत! भोंग्याचा मूळ सूर कोणता, हे ठाऊक असायची गरजच नाही.

सुरेल कानाने गाडी मोजण्याची ही युक्ती जुनी आहे. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ साली प्राग शहरात आपला सिद्धांत मांडला, तो जोडताऱ्यांच्या रंगांविषयी. नेदरलँड्समधल्या बॉइस बॅलट या तरुणाला ते रंगांचं म्हणणं पटेना. पण नुसतं नाकारण्यापेक्षा त्याने आगगाडी मिळवली. फेब्रुवारी १८४५ मधला पहिला प्रयत्न बर्फाने आणि गारठ्याने हाणून पाडला. जूनमध्ये त्याने उट्रेख्त ते मार्सेन या रुळांवर डब्यात तुतारीवादक बसवले आणि रुळांलगत तयार कानाचे संगीतकार उभे केले. कंपनसंख्या मोजणारं सोयीचं यंत्र तेव्हा कुठलं? संगीतकाराचा कान हेच उपकरण. गाडी येताना सूर वर, जाताना खाली, हे त्यांनी नोंदवलं.

बॅलट तेव्हा २७ वर्षांचा होता. ज्याच्याशी वाद घालायला निघाला, त्याचंच म्हणणं ध्वनीपुरतं खरं ठरल्याचं त्याने मोकळेपणाने छापलं. ताऱ्यांच्या रंगांचं मात्र तरीही मानलं नाही, आणि त्या बाबतीत तोच बरोबर होता. चालत्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात, पण त्याने तारा लाल किंवा निळा दिसू लागत नाही. आज सोनोग्राफीच्या खोलीतही डॉपलरचं नाव ऐकू येतं. बॅलटचं नाव उरलं ते हवामानशास्त्रातल्या वाऱ्याच्या एका नियमापुरतं. शाळेच्या पुस्तकात डॉपलरशेजारी या माणसाला निदान एक ओळ मिळायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

तुझ्या घरी किंवा शाळेत पेटी असेलच. मालगाडीचे दोन्ही सूर गुणगुणत घरी जा, पेटीवर शोध, आणि रिषभ निघाला की गांधार ते कळव.