दोन वर्षांच्या संगणक-पदवीचा जमाखर्च

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या घरीं आला. निफाड तालुक्यांत त्यांची थोडी द्राक्षबाग आहे. मुलगा बी. एस्‌सी. झालेला, अंबडच्या एका कारखान्याच्या कचेरींत त्यास दरमहा १५,००० रुपयांची जागा मिळत होती. परंतु त्याचें मन एम. सी. ए. होण्याकडे, आणि त्यासाठीं दहा गुंठे विकावयास वडील तयार. धाकटी बहीण यंदा बारावीस आहे. "सर, एवढें करून हातीं काय येईल?" असा वडिलांचा सरळ प्रश्न होता. हा प्रश्न हल्लीं पुष्कळ घरांत निघत असल्यामुळें, त्या रात्रीं आम्हीं कागदावर मांडलेला हिशेब वाचकांपुढें ठेवीत आहों.

संगणकाकडून काम करून घ्यावयाचें तर त्यास समजेल अशा भाषेंत क्रमवार आज्ञा लिहून द्याव्या लागतात. ही विद्या पदवीधरांस शिकविणारा एम. सी. ए.चा अभ्यासक्रम पूर्वीं तीन वर्षांचा असे. २०२०-२१ पासून तो दोन वर्षांचा झाला. एका वर्षाची फी तर वांचलीच, पण एका वर्षाची कमाईही वांचली. आणि ही दुसरी गोष्टच लोक विसरतात.

खासगी महाविद्यालयांची फी राज्याचें शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें, व ती संस्थेगणिक निराळी असते. हिशेबापुरती ती वर्षास १,००,००० रुपये धरूं. म्हणजे दोन वर्षांचे २,००,०००. लॅपटॉप व पुस्तकें ५०,०००. येथवर प्रत्येक बाप मोजतो. परंतु अंबडची नोकरी सोडली तर चोवीस महिन्यांचे ३,६०,००० रुपयेही गेले! फीपेक्षां ही रक्कम मोठी. एकूण ६,१०,०००. हा आंकडा ऐकतांच मुलाचा चेहरा उतरला हें आम्हांस दिसलें. पण हिशेबांत भीड काय कामाची?

आतां जमेची बाजू. अंबडचा पगार दोन वर्षांत १८,००० होईल असें समजूं. पदवीनंतर २५,००० मिळाले, तर फरक महिन्यास ७,००० चा. खर्च फिटावयास सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. ३३,००० मिळाले तर साडेतीन वर्षांच्या आंतच सारें फिटेल. पण २०,००० वरच समाधान मानावें लागलें, तर पंचवीस वर्षें! पदवी तीच, फी तीच. केवळ पहिल्या नोकरीनें एवढें अंतर पडतें. शिवाय अशा नोकऱ्या बहुतेक पुण्याकडे, हिंजवडीस. तेथें खोली व खाणावळ यांस ८,००० लागले तर २५,००० चे १७,००० उरतात. म्हणजे घरीं राहून मिळणाऱ्या १८,००० हूनही कमी. म्हणून महाविद्यालयाच्या रंगीत माहितीपत्रकांतील सर्वांत मोठा पगार पाहूं नये. मागील वर्षीं वर्गांतील मधल्या मुलास काय मिळालें तें जाऊन विचारावें. २०२२ च्या अखेरीपासून तर साधे प्रोग्रॅम यंत्रेंच लिहूं लागलीं आहेत. तेव्हां नवशिक्याच्या वांट्याचें सोपें काम कमी होण्याचा संभव आहे, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

जमीन विकण्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागत नाहींत, व अभ्यासक्रम संपल्यावर सुमारें एक वर्षानें हप्ते सुरू होतात. अर्थात् व्याज थांबत नाहीं. दरवर्षीं एक लाख उचलला व सरळ व्याज दरसाल शेंकडा दहा धरलें, तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन लाखांचे अडीच लाख होतात. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आंत असेल, तर या मुदतीचें व्याज कांहीं अटींवर केंद्र सरकार भरतें. बहिणीचें तर आणखी सोपें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींचें व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेंतून घेतलेला असावा. संस्थेच्या कोट्यांतून घेतल्यास ही सवलत हातची जाते. वडिलांस हें ठाऊक नव्हतें. त्यांनीं तें दोनदां विचारून घेतलें.

नोकरी न सोडतांही शिकतां येतें. आमच्या नाशिकांतच १९८९ सालीं स्थापन झालेलें मुक्त विद्यापीठ आहे. आणि मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानावी, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ मध्यें स्पष्ट केलें आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर प्रोग्रॅमिंगचे धडे फुकट मिळतात. ज्यास हें आपणांस रुचतें कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं, त्यानें आधीं तेथें चार महिने घालवावे. आमच्या पाहण्यांत असे विद्यार्थी आहेत कीं ज्यांस पदवीच्या दुसऱ्या वर्षीं कळलें कीं हें आपलें काम नव्हे. ते चार महिने त्यांस फार स्वस्त पडले असते.

वडिलांनीं कागदाची घडी करून खिशांत ठेविली. मुलानें अंबडची नोकरी धरली आहे. सकाळीं दोन तास तो प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करितो, आणि रविवारीं बहिणीस गणित शिकवितो. दहा गुंठे अद्याप विकलेले नाहींत.