काळी जमीन आणि हलणारे पाये

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील काळी जमीन उसाला जितकी मानवते, तितकीच ती बांधकामाला जाचक ठरते. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेल्या या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाळ्यात ते निघून गेले की ती आक्रसून तिला खोल भेगा पडतात.

फुगणाऱ्या मातीचा वरच्या दिशेचा रेटा पायावरील भारापेक्षा अधिक झाला की पाया उचलला जातो. त्यामुळे साखर कारखान्यातील अवजड यंत्रांचे, घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेले पाये सहसा स्थिर राहतात, तर त्याच आवारातील कुंपणभिंत आणि गोदामाची फरशी यांना आधी तडे जातात. संपूर्ण इमारत सारखीच वर गेली तर फारसे बिघडत नाही. मात्र एक कोपरा उचलला जाऊन दुसरा जागेवरच राहिला, की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि चौकट वाकडी होऊन दार अडकू लागते.

या असमानतेचे मूळ पाण्यात आहे. जुनी गावठाणे पांढरीत वसत आणि काळी शेतीसाठी राखली जाई. परंतु १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर या अवर्षणग्रस्त पट्ट्यात बारमाही ओलावा आला आणि वस्त्याही काळीत पसरल्या, त्यामुळे भिंतीच्या एका अंगाला भिजलेला ऊस व दुसऱ्या अंगाला कोरडे अंगण, अशी स्थिती निर्माण होऊ शकते.

यावरील दोन भारतीय उपाय विशेष प्रसिद्ध आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलमध्ये काँक्रीटच्या खांबाचा तळ फुगीर करून तो ओलावा फारसा न बदलणाऱ्या, साधारण साडेतीन मीटर खोलीवरच्या थरात रोवला जातो, त्यामुळे वरची माती फुगली तरी खांब उपसला जात नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या पद्धतीत काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर दाबून बसवतात. कालव्यांच्या अस्तरीकरणाखाली तो विशेष उपयोगी पडतो.

तथापि पाया कितीही भक्कम असला, तरी जोत्याभोवती उताराची फरसबंदी करणे, गळके नळ वेळीच दुरुस्त करणे आणि पन्हळीचे पाणी दूर नेणे यांना पर्याय नाही, कारण काळ्या जमिनीत ओलावा सारखा राखणे हेच बांधकामाचे खरे संरक्षण होय.