श्रद्धेची वाट

धर्म सांगणाऱ्याने किती सांगावे व कोठे थांबावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात सापडते.

आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने टिळकांशी गप्पा मारल्या, हाती 'नवा करार' दिला आणि तो वाचावयास सांगितले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन वेधले. शंका त्यांच्या, वाचन त्यांचे, निर्णयही त्यांचाच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याची झळ मात्र लक्ष्मीबाईंना लागली. काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळक स्वभावाने तापट. तरी पत्नीचे सोवळे त्यांनी बळाने मोडले नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच उमगले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हे सारे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

पुढे १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापिला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा ठेविली.

यावरून आम्हांस वाटते ते इतकेच: मार्गदर्शकाने पुस्तक द्यावे, शंका ऐकाव्यात, आपले आचरण उघडे ठेवावे, उत्तर मात्र समोरच्याच्या मनात पिकू द्यावे. दुसऱ्याने वदवून घेतलेली श्रद्धा ओठांवरच राहते. स्वतः शोधलेली संकटातही सोबत करते.