सापळा आणि त्याची मर्यादा

लाचेचा व्यवहार दोघांमध्येच होतो. त्याची पावती नसते, साक्षीदार नसतो आणि बहुधा देणारा व घेणारा या दोघांचेही हित मौनातच असते. चोरी झाली तर घरधनी तक्रार करतो. येथे ज्या जनतेचे नुकसान होते तिला त्याची वार्ताही नसते. त्यामुळे असा गुन्हा उजेडात आणण्यासाठी युक्तीचा आश्रय घ्यावा लागतो. मात्र ही युक्ती कोठवर ताणावी, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या न्यायालयांपुढे अगदी प्रारंभीच उभा राहिला.

तत्कालीन विंध्य प्रदेशाचे उद्योगमंत्री राव शिवबहादूर सिंग यांच्यावर असा आरोप होता की, पन्ना येथील हिऱ्यांच्या खाणीचे थांबविलेले काम पुन्हा सुरू करू देण्यासाठी त्यांनी २५ हजार रुपये मागितले. ११ एप्रिल १९४९ रोजी नवी दिल्लीतील कॉन्स्टिट्यूशन हाउसमध्ये पोलिसांनी सापळा रचून त्यांना पकडले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची तीन वर्षांची सक्तमजुरी कायम केली. परंतु त्याच निकालपत्रात पोलिसांचीही कानउघाडणी झाली. तक्रारदाराजवळ पुरेसे पैसे नव्हते आणि रकमेचा मोठा भाग सरकारी यंत्रणेनेच पुरविला होता. गुन्ह्याची साधने पुरविणे हे पोलिसांचे कर्तव्य नव्हे, असे न्यायालयाने बजावले. पुढे १९५६ मध्ये रामजनम सिंग प्रकरणात हा भेद अधिक स्पष्ट झाला. जो गुन्हा करावयास निघालाच आहे त्याला पकडणे निराळे. ज्याने तो विचार सोडून दिला आहे त्याला पुन्हा भरीस घालणे निराळे.

आपल्या राज्यात १९५७ पासून कार्यरत असलेल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची कार्यपद्धती पाहिली की हा भेद व्यवहारात कसा पाळला जातो ते ध्यानात येते. तक्रार आली की लगेच सापळा लावला जात नाही. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते. नंतर नोटांचे क्रमांक पंचनाम्यात नोंदविले जातात आणि नोटांना अँथ्रासीनची पूड लावली जाते. ही पूड साध्या डोळ्यांना जाणवत नाही, पण अतिनील दिव्याखाली घेणाऱ्याची बोटे निळसर चमकू लागतात. तक्रारदाराला मात्र एक सूचना निक्षून दिलेली असते : मागितल्याशिवाय पैसे द्यावयाचे नाहीत. साऱ्या सापळ्याचे मर्म या सूचनेत आहे. बोटांवर पूड सापडली, पण मागणी सिद्ध झाली नाही, तर खटला टिकत नाही.

छुप्या कॅमेऱ्याने केलेल्या खाजगी कारवाईत असा पंच नसतो. २००५ मध्ये 'कोब्रापोस्ट' आणि 'आज तक' यांच्या पत्रकारांनी लघुउद्योजकांची एक काल्पनिक संघटना उभी केली आणि संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांना पैसे देऊ केले. मोहिमेला नाव दिले 'ऑपरेशन दुर्योधन'. चौकशीपूर्वीच निकाल देणारे हे नाव प्रस्तुत लेखकाला तरी खटकते. १२ डिसेंबरला चित्रण प्रसारित झाले आणि २३ डिसेंबरला लोकसभेचे १० व राज्यसभेचा १ असे ११ सदस्य निष्कासित झाले. त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. हे निष्कासन २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वैध ठरविले. फौजदारी खटल्यात मात्र आरोप निश्चित व्हावयास २०१७ साल उजाडले. सभागृह आपल्या सदस्याच्या वर्तनाचा निवाडा अकरा दिवसांत करू शकते. फौजदारी न्यायालयाला पुराव्याची प्रत्येक कडी तपासावी लागते.

कॅमेरा लावणारा कायद्याबाहेर असतो काय? रजत प्रसाद प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे मानले नाही. लाच देऊन चित्रण करणाऱ्याचा हेतू चांगला होता एवढ्यावरून तो आपोआप सुटत नाही. त्याचा प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीनुसार विचार करावा लागेल. दुसऱ्या बाजूने कायद्याची पकडही घट्ट झाली आहे. तक्रारदार साक्षीत उलटला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते, असा निर्णय २०२२ मध्ये घटनापीठाने दिला. लाच घेऊन मत देणाऱ्या वा भाषण करणाऱ्या लोकप्रतिनिधीला विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, हे सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी स्पष्ट केले.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने २०१८ ची दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे, कारण तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र आधी यंत्रणेला कळवून तिच्या साहाय्यासाठी पैसे देणाऱ्याला शिक्षा होत नाही. ज्याला भाग पाडून पैसे घेतले गेले असतील त्याने सात दिवसांच्या आत ते कळवावयास हवे. महाराष्ट्रात त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.