कुलूप उघड, किल्ली गुप्त

मंडळी, ओपन सोर्सचा विषय निघाला की एक शंका हमखास येते. ज्या प्रोग्रॅमची सगळी घडण, म्हणजे त्याचा कोड, कुणीही वाचू शकतं, तो सुरक्षित कसा? चोराच्या हाती घराचा नकाशाच दिला की आपण!

शंका रास्त आहे. पण तिचं उत्तर संगणकाच्याही आधीचं आहे. १८८३ साली ऑग्युस्त केरकहॉफ्स या भाषेच्या प्राध्यापकाने लष्करी गुप्तलेखनाचा एक नियम मांडला: पद्धत शत्रूच्या हाती लागली तरी बिघडता कामा नये. गुपित किल्लीत असावं, कुलपाच्या घडणीत नव्हे. का? किल्ली हरवली तर बदलता येते. घडणीचं गुपित फुटलं, तर त्या घडणीची सगळीच कुलपं निकामी होतात.

आता आपल्या फोनकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल, दोन्हींत संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. पद्धतही एकच, सिग्नल प्रोटोकॉल, आणि ती जाहीर आहे. फरक असा, की सिग्नलच्या अ‍ॅपचा कोड खुला आहे, व्हॉट्सअ‍ॅपचा नाही. तिथे आपण बराचसा भरवसा कंपनीच्या शब्दावर ठेवतो. न्यायशास्त्राच्या भाषेत, तिथे शब्दप्रमाण. इथे प्रत्यक्षाला निदान वाव आहे.

निदान म्हणतो, कारण तपासता येणं म्हणजे तपासलं जाणं नव्हे. ओपनएसएसएल हा खुला प्रोग्रॅम असंख्य वेबसाइट वापरत होत्या. त्यातला हार्टब्लीड हा दोष २०१४ साली उघडकीस आला, तोवर तो दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता! म्हणून खुलं असो वा बंद, अपडेट टाळायचं नाही.

आणि किल्लीचं काय? तिकिटासाठी आपण एजंटला आधार कार्डाचा फोटो पाठवतो. संदेश कुलपात गेला खरा, पण त्याची प्रत एजंटच्या फोनवर राहते, बॅकअपमध्येही जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे. आपल्या बाजूचं आपण सेटिंगमध्ये पाहून घ्यावं. एजंटच्या फोनवर मात्र आपलं काही चालत नाही. म्हणून चालत असेल तिथे मास्क्ड आधारच द्यावं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दिलेलं परत घेता येत नाही, कमी देणं मात्र आपल्या हातात आहे.

इथे थांबू. प्रश्न घेऊ या.