प्रयोगशाळेबाहेरची नजर

माणसाचे लक्ष कशाकडे जाते व कशावरून घसरते, हे मोजण्याची मानसशास्त्रातील रूढ पद्धत म्हणजे अंधारी खोली, ठरावीक अंतरावर पडदा आणि डोके हलू नये म्हणून हनुवटीखाली टेकू. त्या टेकूवर विसावणारी हनुवटी बहुधा पाश्चात्त्य विद्यापीठातील विद्यार्थ्याची असे. अशा मूठभर तरुणांवरून अखिल मानवजातीविषयी सिद्धान्त मांडले जातात, हा आक्षेप जोसेफ हेन्रिक व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१० साली घेतला. तो खोडून काढणे सोपे नाही.

इंटरनेटमुळे त्या खोलीची अट राहिली नाही. प्रयोगास बसणारा आता आपल्याच घरी, आपल्याच संगणकापुढे बसतो आणि खूण उमटताच कळ दाबतो. पण त्याचा पडदा केवढा, तो किती दूर बसला आहे, शेजारी गाणी लागली आहेत काय, हे संशोधकाला ठाऊक नसते. मग अशा मोजमापाला शास्त्र म्हणावे काय? शंका रास्त आहे. क्रम्प, मॅकडॉनेल व गुरेकिस या तिघांनी २०१३ साली लक्षाविषयीचे अनेक गाजलेले प्रयोग इंटरनेटवरून पुन्हा केले, तेव्हा बहुतेकांचे निकाल प्रयोगशाळेशी जुळले. निमिषमात्र दाखविलेल्या चिन्हांच्या प्रयोगात मात्र ते तितके स्वच्छ आले नाहीत. सर्वसाधारण पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. सेकंदाच्या साठाव्या भागाहून कमी काळ त्याला काही दाखविताच येत नाही.

अंतराचा प्रश्न २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका युक्तीने बव्हंशी सोडविला, आणि ती युक्ती मोठी रम्य आहे. बँकेचे कार्ड जगभर सारखेच, ८५.६ मिलिमीटर रुंद. ते पडद्याला टेकवून चित्रातील कार्ड तेवढेच होईपर्यंत ताणावयाचे. पडद्याचे माप कळले. मग उजवा डोळा झाकून डाव्याने एका चौकोनावर नजर खिळवावयाची आणि डावीकडे सरकणारा ठिपका दिसेनासा होताच कळ दाबावयाची. प्रत्येक डोळ्यात एक अंध बिंदू असतो. सतराव्या शतकात फ्रान्समधील मारिओत याने तो दाखवून दिला. नजरेच्या रेषेपासून त्याचा कोन माणसागणिक फारसा बदलत नाही. तेव्हा उरते ती शाळेतील त्रिकोणमिती!

संगणकाच्या कॅमेऱ्यातून नजरेचा माग काढण्याची सोयही आता झाली आहे व तिचा मोह अनेकांना पडेल. परंतु लोकांच्या घरात डोकावण्यापेक्षा कार्डाची युक्ती कितीतरी सभ्य. अर्थात कार्ड, संगणक आणि सूचना समजण्यापुरते इंग्रजी ज्याच्यापाशी नाही, तो माणूस या नव्या प्रयोगांतूनही बहुधा गैरहजरच राहतो. सूचना मराठीत, तमिळमध्ये वा स्वाहिलीत लिहिण्यास यंत्राची काहीच आडकाठी नाही; संशोधकांनीच ते काम अद्याप पुरेसे मनावर घेतलेले नाही.