गावाचा हजेरीपट

गावातील जुन्या वास्तू व वस्तू यांच्या जतनावर बोलायला एखादा प्राध्यापक शोभला असता. माझे आयुष्य हमाल, मापाडी आणि जिनिंग-प्रेसिंगचे कामगार यांच्या संघटनेत गेले. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले, वाचनालयात पुष्कळ. तरीही हा विषय मी आनंदाने घेतला, कारण कामगार चळवळीत शिकलेला पहिला धडा इथे तंतोतंत लागू पडतो. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याची मजुरी बुडते. त्याने दिवसभर पोती वाहिली हे साऱ्या बाजाराने पाहिलेले असते; पण नोंद नसेल तर दाद कुठे मागणार? गावातील जुन्या दगडाची, पोथीची, बारवेची गत हीच आहे. सारे गाव तिला ओळखते, पण तिची नोंद कुठेच नाही. आणि म्हणून ती एके दिवशी नाहीशी झाली तरी कोणाला जाब विचारता येत नाही.

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. चौथ्या आणि पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन हा या शाखेचा मूळपुरुष, आणि हरिषेण हा तिचा सर्वांत बलाढ्य राजा. हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले. म्हणजे आज सारे जग ज्या अजिंठ्याला पाहायला येते, त्यातील काही कामाचा हुकूम आपल्या गावच्या दरबाराशी जोडलेला आहे.

हे आपल्याला कळले कसे, ते पाहण्यासारखे आहे. १९३९ साली वाशीममध्ये एक ताम्रपट उजेडात आला. दुसरा विंध्यशक्ती या राजाने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले ते दानपत्र. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहाराचा भाग प्राकृतात. अजिंठ्याच्या लेखातही या घराण्याची वंशावळ होती. पण तिथली अक्षरे झिजलेली असल्यामुळे सर्वसेनाचे नाव आधीच्या अभ्यासकांना नीट लागले नव्हते. या पत्र्यांमुळे ते लागले, आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा म्हणून एक स्वतंत्र शाखा होती हे सिद्ध झाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुढे या लेखांचा सांगोपांग अभ्यास केला. त्यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा ग्रंथ १९५७ साली निघाला.

आता क्षणभर असे समजा, की ते पत्रे कोणी तांब्याच्या भावाने मोडीत घातले असते. काय झाले असते? दोन-चार भांडी झाली असती आणि आपल्या गावाचे राजधानीपण बहुधा तर्काच्या पातळीवरच राहिले असते. मोडीत गेलेल्या पत्र्यांची गणती कोणी ठेवलेली नाही, हेही लक्षात असू द्या.

जे हरवते ते कसे हरवते याचे दुसरे उदाहरण याच सर्वसेनाचे आहे. त्याने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले. मोठमोठ्या साहित्यशास्त्रकारांनी त्याची वाखाणणी केली. आज ते काव्य संपूर्ण उपलब्ध नाही. शास्त्रकारांनी उदाहरणादाखल जेवढे श्लोक आपल्या ग्रंथांत उतरवून घेतले तेवढेच उरले. म्हणजे राजाचे काव्यसुद्धा वाचले ते नोंदीपुरते. नोंद करणाऱ्याचे काम किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात यावे.

कारंज्याची गोष्ट याहून सुखाची आहे. तिथे जैन भट्टारकांच्या पीठांनी शेकडो वर्षे हस्तलिखितांचे भांडार सांभाळले. १९२६ साली रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, आणि तीत कारंज्याच्या पोथ्यांची दखल घेतली गेली. पुढे अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या विद्वानांनी त्या पोथ्यांवर परिश्रम केले. दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ १९३१ साली आणि ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंज्याच्या जैन ग्रंथमालांतून छापून निघाले. ही अपभ्रंश भाषा आपल्या मराठीच्या मागच्या पिढीतली. इथली साखळी पाहा: कोणी पोथी जपली, कोणी यादी केली, कोणी वाचली, कोणी छापली. यांपैकी एक कडी तुटली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

आता नाश होतो कसा, ते थोडक्यात सांगतो. आपल्याला वाटते, शत्रू आला आणि मोडून गेला. प्रत्यक्षात बराचसा नाश भक्तीने आणि हौसेने होतो. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर जाऊ देतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला, की ओल आत कोंडते, पाण्यातले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी जमून त्याचे पापुद्रे सुटू लागतात. गिलावा वरून टणक दिसतो, आणि आतला दगड भुसभुशीत होत जातो. ऑइलपेंटचे तेच. मूर्तीला किंवा शिलालेखाला दरवर्षी रंगाचा एक हात दिला, की पाच-दहा वर्षांत अक्षरे बुजतात. पोथीला वाळवी लागते, ती दमट भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे. यांतल्या कोणत्याही गोष्टीला फार पैसा लागत नाही; माहिती लागते, आणि जुन्या चुनेवाल्या गवंड्याला कामावर बोलाविण्याची बुद्धी लागते. तो गवंडी आज म्हातारा झाला आहे. त्याच्याजवळची विद्या शिकून घेणे हेही जतनच आहे.

कायदा काय म्हणतो? १९५८ च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संरक्षित होतात, तर महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याने राज्याची. पण या दोन्ही याद्यांत न बसणारे पुष्कळ काही गावात असते, आणि त्याला वाली गावच. १९७६ च्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना काही सापडले, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो: दहा रुपयांवरील किमतीची वस्तू असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविले पाहिजे. सरकारने ती वस्तू घ्यायची ठरविली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची त्यात तरतूद आहे. लपविले तर शिक्षा आहे. मजूर मंडळींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण कुदळ त्यांच्या हातात असते. सापडणारी वस्तू पहिल्यांदा दिसते ती त्यांनाच.

वारसा राजांचा आणि देवळांचाच असतो असे मात्र समजू नका. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे, आपली शकुंतला, कारंज्यावरून जात असे. वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी ती घातली गेली. मँचेस्टरला बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले, मग डिझेल आले, आणि पुढे गाडीच थांबली. त्या मार्गावर रूळ ठोकणारे, कोळसा टाकणारे, गाठी चढविणारे यांची नावे कोणत्या ताम्रपटावर आहेत? राजाने गाव दान दिल्याची नोंद सोळाशे वर्षे टिकली. गाठी वाहणाऱ्याची नोंद एका पिढीत पुसली जाते. म्हणून स्थानकाच्या भिंतीबरोबर तिथे राबलेल्यांच्या आठवणीही लिहून घेतल्या पाहिजेत, आणि त्या सांगणारी माणसे आहेत तोवरच.

कोणी विचारील, पोटाला भाकरी नसताना दगड कसले जपता? हा प्रश्न मी आमच्याच सभांतून ऐकला आहे, आणि तो खोटा नाही. पडक्या वाड्यातील भाडेकरूला छप्पर गळत असताना वारशाची महती सांगणे हा निष्ठुरपणा होईल. जतनाचा भार गरिबाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकता कामा नये; दुरुस्तीचा खर्च नगरपालिकेने, देवस्थानांनी आणि सधनांनी उचलावा. पण एवढे मात्र म्हणेन, की ज्याच्याजवळ जमीन नाही, इस्टेट नाही, त्याच्या मालकीचे या गावात दुसरे काय आहे? भोसल्यांच्या काळात भवानी काळूंनी बांधविलेले बालाजीचे देऊळ, पद्मतीर्थाचा काठ, जुनी वेस, ही सार्वजनिक मिळकत आहे. तीत त्याचा वाटा सावकाराइतकाच आहे.

तेव्हा करायचे काय? पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती लोकांनी एकत्र बसून विचार करावा म्हणून. आपणही विचाराला कामाची जोड देऊ. महाविद्यालयातील मुलामुलींनी एकेक वॉर्ड वाटून घ्यावा. प्रत्येक जुन्या वास्तूचे, लेखाचे, पोथीचे ठिकाण, मोजमाप, छायाचित्र आणि आजची अवस्था एका वहीत लिहावी. कोणाच्या घरची वस्तू असेल तर त्याची परवानगी आधी घ्यावी, आणि मौल्यवान वस्तूचा ठावठिकाणा चोरांच्या हाती पडणार नाही अशा रीतीने तो भाग वेगळा ठेवावा. वहीच्या तीन प्रती कराव्यात: एक नगरपालिकेत, एक वाचनालयात, एक महाविद्यालयात. दरवर्षी वसंतात व्याख्यानांच्या आदल्या दिवशी सर्वांनी मिळून गावातून फेरी काढावी आणि वही हातात घेऊन हजेरी घ्यावी. जे गैरहजर आढळेल त्याचे नाव दुसऱ्या दिवशी या व्यासपीठावरून वाचून दाखवावे, आणि ते कुठे गेले हे संबंधितांना विचारावे. पहिली वही आणि पेन्सिलींचा खर्च आमची संघटना देईल. वॉर्ड कोण घेणार, ते आज सभा संपल्यावर इथेच ठरवू.